परक्या भाटातील नवे मुंडकार

नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, ही समजूत गोमंतकात इतकी खोल रुजली आहे की कचेरीबाहेर स्वतःच्या बुद्धीवर पोट भरणाऱ्या माणसाची दखल घेण्याची सवयच आम्हां लोकांस राहिलेली नाही. टॅक्सीवाल्यांचा वाद पेटला की विधानसभा गाजते, खनिज वाहणारे ट्रक थांबले की मंत्र्यांची धावपळ उडते. परंतु म्हापसा, पर्वरी, फोंडा, मडगाव येथल्या घरांतून संगणकापुढे बसून परदेशच्या आणि परप्रांतांच्या गिऱ्हाइकांची कामे करणारा एक नवा वर्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभा राहिला आहे, आणि त्याची मजुरी घसरत चालली असता कोठेही आवाज होत नाही. रस्ता अडत नाही, मोर्चा निघत नाही. फार तर घरातला वडीलधारा माणूस विचारतो, “बाबा, नोकरी कधी लागणार तुला?” हा प्रश्न त्या घरापुरता नाही. तो साऱ्या समाजाने विचारात घ्यावा असा आहे, म्हणून आम्ही आज या विषयाकडे वळलो आहोत.

ही माणसे कोणती कामे करतात ते आधी सांगितले पाहिजे. कोणी दुकानदारांसाठी वेबसाइट बांधतो, कोणी मोबाइलची ॲप तयार करतो, कोणी दूरच्या कंपनीचे सर्व्हर रात्री जागून सांभाळतो, तर कोणी दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामातील चुका शोधून देतो. बाजारात त्यांस फ्रीलान्सर म्हणतात, कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. महिन्याचा पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. तासाचा, दिवसाचा अथवा कामाचा ठरेल तो दर, एवढेच त्यांचे उत्पन्न. त्यातूनच वीज, इंटरनेट, इन्व्हर्टर आणि तीन-चार वर्षांनी बदलावा लागणारा लॅपटॉप यांचा खर्च निघावयाचा. आजारपण त्यातूनच काढावयाचे, काम नसलेले महिनेही त्यातूनच. म्हणून अशा माणसाचा तासाचा दर नोकरदाराच्या तासाच्या पगाराहून बराच वरचा असावा लागतो. तो वरचा भाग चैनीचा नसतो, त्याच्या असुरक्षिततेची ती भरपाई असते. दर घसरतो तेव्हा सर्वांत प्रथम हीच भरपाई नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाल्याचे त्या माणसाला पहिल्या आजारपणापर्यंत कळतही नाही.

ही घसरण पुष्कळ काळ डोळ्यांआड राहिली, याचे एक कारण रुपया आहे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. २०११ च्या आरंभी डॉलर सुमारे पंचेचाळीस रुपयांचा होता. त्या वेळी तासाला वीस डॉलर घेणाऱ्या तरुणाच्या हाती नऊशे रुपये पडत. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. समजा, त्याच तरुणाचा दर आता बारा डॉलरांवर आला, तरी हाती एक हजार ऐंशी रुपये येतात. आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस समाधान मानतो. पण याच काळात देशातील किरकोळ किमती दुपटीहून अधिक वाढल्या आहेत. तेव्हाच्या नऊशे रुपयांची बरोबरी करावयास आज अठराशेच्या वर रुपये हवेत. म्हणजे मजुरी जवळजवळ अर्ध्यावर आली आणि मजूर मात्र आपल्याला बढती मिळाली असे समजत राहिला! परदेशी चलनात कमावतो म्हणून स्वतःस भाग्यवान समजणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या वहीत मांडून पाहावा.

दर घसरण्याचे पहिले कारण उघड आहे. काम मागणारे हात अफाट वाढले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘ऑनलाइन लेबर इंडेक्स’ने अशा कामांसाठी माणसे पुरविणारा जगातील सर्वांत मोठा देश म्हणून भारताचीच नोंद केली आहे. जुन्या ‘ईलान्स’ आणि ‘ओडेस्क’ या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या ‘अपवर्क’सारख्या बाजारपेठेत एखादे काम जाहीर झाले की काही तासांत पाच-पंचवीस अर्ज येऊन पडतात. ते ढाक्याहून येतात, लाहोरहून येतात, मनिलाहून येतात आणि आमच्या म्हापशाहूनही येतात. अर्जदाराला आपल्याखेरीज दुसरे कोण किती मागत आहे याची नीट कल्पना नसते. काम देणाऱ्याला मात्र सगळे दिसते. अंधारात उभा राहून बोली लावणारा नेहमी गरजेपेक्षा खाली उतरतो, आणि गरजवंताला अक्कल नसते हे आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवले आहे. त्यात अर्ज करण्यासाठीदेखील ‘कनेक्ट्स’ नावाची चलने विकत घ्यावी लागतात आणि मिळालेल्या मजुरीतून बाजारपेठेचा वाटा कापला जातो. २०२३ पासून हा वाटा सरसकट दहा टक्के होता, २०२५ मध्ये तो कामागणिक शून्य ते पंधरा टक्के करण्यात आला.

दुसरे कारण नवे आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ अवतरले आणि पाठोपाठ प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली. त्यानंतरच्या काळात एका ऑनलाइन बाजारपेठेतील लेखन-संपादनाच्या कामांचा अभ्यास झाला. त्यात अशा कामकऱ्यांना मिळणारी कामे सुमारे दोन टक्क्यांनी आणि महिन्याची कमाई सुमारे पाच टक्क्यांनी उतरलेली आढळली, तीही अवघ्या काही महिन्यांत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांचे काम उत्तम म्हणून नावाजलेले होते, तेही या घसरणीतून सुटले नाहीत. आज प्रोग्रामरही याच वाटेवर उभे आहेत. पूर्वी जे काम दहा तासांचे होते ते साधनाच्या साहाय्याने चार तासांत होते. गिऱ्हाईक म्हणते, चार तासांचे पैसे घ्या. वाचलेल्या सहा तासांचा लाभ सर्वस्वी त्याच्या पदरात पडतो, आणि त्या चार तासांच्या कामात पुढे दोष निघाला तर जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच कामकऱ्याची! तासावर विकलेल्या बुद्धीची ही गत व्हावयाचीच. हत्यार जितके चांगले, तितकी मजुरी कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

येथे एका गोष्टीचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी, सन २००० उजाडताना संगणकांतील तारखांचा घोळ निस्तरण्याचे प्रचंड काम भारताकडे आले. ते काम आपल्या मुलांच्या हुशारीमुळे आले हे खरेच. परंतु ती मुले लंडन-न्यूयॉर्कच्या मानाने स्वस्त होती म्हणूनही ते आले. त्या वेळी तेथल्या कंत्राटी प्रोग्रामरांचे दर पडले, त्यांनी आरडाओरड केली, आणि आपण त्यात देशाची प्रगती पाहिली. ब्रिटनमधील त्या लोकांवर पुढे दुहेरी संकट ओढवले. ‘आयआर-३५’ नावाचे करनियम तेथे २००० सालीच आले होते. माणूस खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहे की वेष पालटलेला नोकर, हे ठरविण्याची जबाबदारी २०१७ पासून सरकारी खात्यांवर आणि २०२१ पासून मोठ्या व मध्यम खाजगी कंपन्यांवर टाकण्यात आली. झंझट नको म्हणून अनेक कंपन्यांनी अशा माणसांस थेट काम देणेच बंद केले. मग मधल्या ‘अम्ब्रेला’ कंपन्यांमार्फत काम घेणे भाग पडले, आणि मालकाच्या वाट्याचा करही ठरलेल्या दरातूनच वजा होऊ लागला. स्वस्त मनुष्यबळ हेच ज्या व्यवसायाचे भांडवल, त्याला आपल्याहून स्वस्त कोणीतरी आज ना उद्या भेटतोच. काल ते लंडनच्या माणसाला भेटले, आज आपल्याला भेटत आहे, आणि या खेपेस त्यांत यंत्रही आहे. तेव्हा ‘परके आमचे काम पळवितात’ असा गळा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. विचार करावयाचा तो या बाजाराच्या रचनेचा.

त्या रचनेचे वर्णन गोमंतकीयाला फार थोड्या शब्दांत सांगता येईल. आमच्या मुंडकाराची स्थिती आठवा. भाटकाराच्या भाटात त्याने घर बांधावयाचे, माड राखावयाचे, आणि भाटकाराची मर्जी फिरली की चंबूगबाळे आवरून चालते व्हावयाचे. घर त्याचे, घाम त्याचा, जमीन मात्र परक्याची. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला बेदखल होण्यापासून संरक्षण मिळाले, त्यामागे कित्येक वर्षांची चळवळ होती. आजचा फ्रीलान्सर ऑनलाइन बाजारपेठेत वर्षानुवर्षे खपून जो लौकिक कमावतो, म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, शेरे, पुरी केलेल्या कामांची यादी, तो सगळा त्या कंपनीच्या जागेत साठलेला असतो. ती सोडून तो दुसरीकडे गेला तर हा लौकिक बरोबर नेता येत नाही. खाते गोठविले गेले तर दाद मागावयाची ती एखाद्या यंत्राने पाठविलेल्या साचेबंद उत्तराकडे. दर कमी पडतो म्हणून उठून जावे, तर दहा वर्षांची पुण्याई मागे राहते. उठून जाण्याची सोय ज्याला नाही, त्याला भाव पाडून मागता येतो. हे नवे मुंडकारपण आहे, आणि ते आमच्या सुशिक्षित मुलांनी राजीखुशीने पत्करले आहे.

देशी गिऱ्हाइकांचे काम करणाऱ्यांची दशाही याहून बरी म्हणता येत नाही. बंगळूर वा पुण्यातील मोठी कंपनी एका दलाल कंपनीला माणूस मागते, ती दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. प्रत्येक पायरीवर वाटा निघतो आणि शेवटी प्रत्यक्ष काम करणाऱ्याला मूळ दर किती होता हे कधी कळतच नाही. पैसे साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी. त्या मुदतीत त्याने पदरमोड करून दिवस ढकलावेत, हे गृहीतच धरलेले असते.

मग यावर उपाय काय? आमच्या खाणपट्ट्यातील ट्रकमालकांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तोही कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाईकच. ट्रक त्याचा, कर्ज त्याचे, डिझेल त्याचे, वाहतुकीचा दर मात्र दुसऱ्याने ठरविलेला. परंतु ट्रकमालक संघटित झाले, दर परवडेना तेव्हा त्यांनी गाड्या उभ्या केल्या, आणि कंपन्यांना व सरकारला त्यांच्याशी बोलणी करावी लागली. हे घडू शकले, कारण त्या साऱ्या गाड्या एकाच रस्त्यावरून धावत होत्या आणि त्यांचे मालक एकमेकांस ओळखत होते. संगणक-कामकऱ्यांचा रस्ता एक नाही. शेजारच्या वाड्यावर आपल्यासारखेच काम करणारा दुसरा कोणी राहतो, याचाही त्यांस पत्ता नसतो. पहिली उणीव आहे ती हीच.

कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असेही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु व्यवसायाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. हा कायदा सेवा देणाऱ्यांसही लागू आहे, आणि ‘उद्यम’ नोंदणीस एक पैसा पडत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने तर मुदतीत न चुकविलेली अशी देणी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत करासाठी खर्चात धरता येणार नाहीत, असा चाप कंपन्यांस लावला आहे. या तरतुदींची माहिती आमच्या किती तरुणांना आहे? घरात बसून काम करणारा स्वतःस ‘उद्योग’ समजतच नाही, आणि तेथेच घोडे अडते. परदेशी गिऱ्हाइकांपुढे मात्र या कायद्याचा हात पोचत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणाऱ्या ‘गिग’ कामगारांची तिने प्रथमच दखल घेतली. बाजारपेठा चालविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामकऱ्यांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतका वाटा कल्याण निधीत द्यावा अशी तरतूद तीत आहे. अशा कंपन्यांच्या यादीत व्यावसायिक सेवा पुरविणाऱ्यांचाही उल्लेख आहे. परंतु चर्चा होते ती प्रवासी वाहणाऱ्यांची आणि घरपोच जेवण पोचविणाऱ्यांची. ती व्हावयासच हवी, पण संगणकापुढे बसलेला माणूस त्याच व्याख्येत बसू शकतो हे कोणी बोलत नाही. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधील गिग कामगारांची संख्या सत्याहत्तर लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. या कोट्यवधींना कल्याण निधी मिळेल, किमान दर मात्र नाही, कारण किमान वेतनाचे छत्र नोकरापुरते आहे. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून आठशे डॉलरांवरच्या कामासाठी लेखी करार आणि तीस दिवसांत पैसे सक्तीचे केले, २०२४ मध्ये तो नियम साऱ्या न्यूयॉर्क राज्याला लागू झाला. आपल्याकडे असा साधा नियम करावयास काय हरकत आहे?

कामकऱ्यांनी स्वतः करावयाच्या गोष्टी प्रथम सांगतो. लेखी करारावाचून आणि विसारावाचून कामास हात लावू नये. ‘नमुन्यादाखल’ फुकट काम करून देऊ नये. शक्य तेथे तासावर न जाता पुऱ्या कामाचा दर सांगावा, म्हणजे नव्या साधनाने वाचविलेल्या वेळेचा लाभ थोडा तरी आपल्याकडे राहील. गिऱ्हाइकाच्या धंद्याचे मर्म जाणून घ्यावे, कारण नुसता प्रोग्राम यंत्रही लिहिते, पण चूक झाल्यास पुढे होऊन उत्तर देणारा माणूस यंत्रातून मिळत नाही. आणि आपला लौकिक एकाच भाटात साठवू नये. जुन्या गिऱ्हाइकांशी थेट संबंध जोडावा, स्वतःच्या नावाची जागा तयार करावी.

पण एकट्यादुकट्याच्या शहाणपणाने बाजार बदलत नाही. एकट्या शेतकऱ्याने खाजन शेताचा बांध कधी घातलेला नाही. तो गावकरीने घातला, म्हणून खारे पाणी बाहेर राहिले आणि भात पिकले. फोंड्याच्या, मडगावच्या, म्हापशाच्या कामकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढावी. २००१ चा गोवा सहकारी संस्था कायदा त्यासाठी आहेच. स्वतंत्र धंदेवाईकांनी संगनमताने दर ठरविले तर स्पर्धा कायद्याची अडचण येऊ शकते. युरोपीय आयोगाला २०२२ मध्ये एकट्याने काम करणाऱ्यांच्या सामुदायिक करारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली ती त्याचमुळे. सहकारी संस्था स्वतःच कंत्राट घेते, स्वतःच दर सांगते, आणि सभासदांत काम वाटते. हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात वडकरा परिसरातील मजुरांनी वाग्भटानंद गुरूंच्या प्रेरणेने १९२५ साली ‘उरालुंगल’ मजूर सहकारी संस्था काढली. रस्ते आणि पूल बांधणारी तीच संस्था आज कोळिकोड येथे ‘यूएल सायबर पार्क’ चालविते आणि संगणक-व्यवसायातही आहे. कुदळ-फावडे घेतलेल्या हातांना जे साधले ते पदवीधरांना साधू नये?

सरकारकडेही आमचे मागणे मोठे नाही. माहिती-तंत्रज्ञानाची धोरणे पुष्कळ जाहीर झाली. परक्या मुलखांतून येऊन समुद्रकिनाऱ्यावर लॅपटॉप उघडणाऱ्या पाहुण्यांचे स्वागतही जोरात चालते. त्या उत्साहाचा चौथा हिस्सा घरच्या मुलांसाठी खर्च व्हावा. राज्यातील कामकऱ्यांची ‘उद्यम’ नोंदणी मोहीम काढून करावी. थकलेल्या देण्यांच्या तक्रारी ऐकणारी परिषद जागी ठेवावी. सरकारी खात्यांची छोटी संगणक-कामे स्थानिक सहकारी संस्थांना द्यावीत, आणि ती देताना सर्वांत कमी बोलीलाच माळ घालण्याची रीत सोडावी. सरकारने स्वतःच भाव पाडावयाचा आणि खाजगी गिऱ्हाइकांना न्यायाचे धडे द्यावयाचे, हे शोभणार नाही.

२०२४ च्या अखेरीस सरकारी नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणे गोव्यात उघडकीस आली तेव्हा साऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. कोणाचे उंबरठे न झिजविता, कोणाला चिरीमिरी न देता, स्वतःच्या विद्येवर जगण्याची वाट या मुलांनी शोधली होती. ती वाट परवडेनाशी झाली तर ही मुले पुन्हा त्याच रांगेत येऊन उभी राहतील, आणि त्यांच्या बापांना पुन्हा जमीन विकण्याचा विचार करावा लागेल. मुंडकाराला कायद्याचा आधार मिळावयास गोवामुक्तीनंतर चौदा वर्षे लागली. संगणकाच्या बाजाराची गती पाहता तेवढी सवड या मुलांपाशी नाही. ट्रकमालकांनी जे केले ते त्यांनी करावे, एकमेकांस शोधून काढावे, आणि येत्या चतुर्थीला मुले घरी जमतील तेव्हा वडीलधाऱ्यांनीही ‘नोकरी कधी?’ असे न विचारता ‘तुला कामाचा दर काय मिळतो, आणि तो ठरवितो कोण?’ असे विचारावे.